वाळूच्या पिशव्या आणि पदर

माझी आई कोणाचं ऐकायची नाही असं म्हटलं तर आमचे नातेवाईक मला खोटारडा ठरवतील. साऱ्या घराण्यात तिच्याइतकी ऐकणारी बाई नव्हती. तिने जन्मभर सगळ्यांचं ऐकलं, फक्त डॉक्टरांचं तेवढं नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. तिचा डावा डोळा लहानपणीच देवीच्या साथीत गेलेला. राहिला एक उजवा. एका उन्हाळ्यात त्यात काजवे चमकायला लागले आणि मग खालच्या बाजूने काळी सावली वर चढू लागली. समोरच्याचं तोंड दिसे, पण जेवताना ताटातली भाजी दिसेना. तरी ही बाई गप्प. का, तर कुरडया व्हायच्या होत्या! शेजारणींनी निदानही करून टाकलं: मोतीबिंदू आहे, पिकू द्या. जसा काही डोळ्यात आंबा आढीत घातला होता. शेवटी उंबरठ्याला ठेचकाळून पडली, तेव्हा कुठे मला कळलं. मी तिला सायकलरिक्षात घालून धंतोलीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर फारसे बोलणारे नव्हते, पण त्यांनी मला समोर बसवून समजावलं. डोळ्याच्या आतला पडदा वरून सुटत आला आहे. मधली जागा मात्र अजून चिकटलेली आहे, आणि वाचायला, माणसाचं तोंड ओळखायला तीच जागा लागते. ती शाबूत असताना ऑपरेशन झालं तर बाई पुन्हा सुईत दोरा ओवतील. ती सुटली, तर पडदा बसवता येईल, पण नजर पहिल्यासारखी होईल याची खात्री नाही. अडचण अशी की आईची साखर फार चढली होती आणि ती उतरल्याशिवाय भूल देता येत नव्हती. तोवर दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, आणि उताणं पडून राहायचं. उठायचं नाही, बसायचं नाही.

आईने मुकाट्याने हो म्हटलं आणि निपचित पडली. मला हायसं वाटलं. मग गावाहून मोठे बाबा आले.

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आईचे भासरे. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण रीत काही गेली नव्हती. आमच्याकडे भासऱ्यासमोर बाई पडून राहत नाही. उठायचं, पदर डोक्यावरून पुढे ओढायचा आणि तोंड फिरवून बसायचं. भासऱ्यानेही अवचित आत शिरायचं नाही; दाराबाहेर खाकरायचं, म्हणजे आतल्या बाया सावरून बसतात. मोठे बाबा या बाबतीत फार काटेकोर. दवाखान्याच्या खोलीबाहेरही ते खाकरले. आणि माझी आई, डोळ्यांवर पट्टी असताना, वाळूच्या पिशव्या लोटून ताडकन उठून बसली आणि पदर चाचपडू लागली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काहून उठली वं माय? डॉक्टरनं का सांगतलं?"

"तुझे मोठे बाबा आले ना. त्यायच्यासमोर मी अशी पाय पसरून पडू का?"

"त्यायले मालूम आहे तू बीमार आहे म्हणून."

"त्यायले असन मालूम. लाज तं मलेच आहे ना."

तिला झोपवलं आणि बाहेर जाऊन मोठ्या बाबांना हात जोडले, आत येऊ नका. भला माणूस, लगेच पटलं. "बरोबर आहे गा तुझं. मी आतमंधी पायही नाही टाकत. बाहेरच बसतो."

आणि बसले की! रोज, सकाळपासून. गावी जा म्हटलं तर जाईनात. धाकट्या भावाची बायको दवाखान्यात असताना घरी कसं राहायचं, हा त्यांचा प्रश्न. बाहेरच्या बाकावर बसत, आणि दार जरा उघडलं की आत बाईमाणूस आहे हे आठवून खाकरत. खाकरू नका, असं सांगितलं. "अरे हो," म्हणाले, आणि ते म्हणण्याआधी घसा साफ केला. आत पिशवी धप्पकन खाली पडल्याचा आवाज आला.

मी आईवर ओरडलो, तिच्याशी गोड बोललो, नर्सकडून दम देववला. पलंगाला बांधून ठेवू का, असंही विचारलं. "बांध," म्हणाली, आणि पुढच्या खाकरण्याला पुन्हा उठली. एकाला खाकरल्यावाचून राहवेना, दुसरीला उठल्यावाचून. दोघं एकमेकांचा मान राखत होती आणि मधल्यामध्ये तो डोळा चालला होता. मी हात टेकले.

साखर उतरली. ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टरांनी पट्टी काढून तपासलं आणि बराच वेळ तपासतच राहिले. मधली जागा सुटली होती. उठल्यामुळे का, असं मी विचारलं. ते म्हणाले, मुळात आणायलाच उशीर झाला होता, तशीही सुटली असती कदाचित. त्या 'कदाचित'चा मला आजही राग येतो.

ऑपरेशन उत्तम झालं. पडदा बसला. मोठ्या बाबांनी दवाखानाभर पेढे वाटले आणि मोठ्या अभिमानाने मला म्हणाले, "पाहा गा, तू म्हटलं अन् मी एकडावही आत गेलो नाही." मी पेढा खाल्ला.

पट्टी सुटल्यावर आईला भिंत दिसली, खिडकी दिसली, ताटही दिसलं. फक्त जिथे बघावं नेमकं तिथेच सगळं पुसलेलं. घरी आल्यावर एका संध्याकाळी मी ऑफिसातून परतलो आणि चपला काढून दारात उभा राहिलो. ती पलंगावर पडली होती. तिने दाराकडे पाहिलं, लगबगीने उठली, पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

"माय, मी आहे वं!" मी चिडूनच बोललो.

"तू होय?" तिने पदर मागे सारला. "मोठे बाबा खाकरतेत तं समजते. तू काही आवाजच नाही करत. मले कसं समजन, कोन आलं थे?"

त्यानंतर ती होती तोवर, घरात पाय टाकण्याआधी मी बाहेरूनच सांगत आलो, "माय, मी."