हिवराचं बी आणि शेळीचं पोट

आटपाडीकडच्या माळावरचे हिवर का संपत चाललेत, हा माझ्या प्रबंधाचा विषय. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मिरजेतली पोरगी उन्हातान्हात काटेरी झाडं मोजत हिंडते म्हणून घरचे डोक्याला हात लावून बसले होते. उत्तर मात्र मला पहिल्याच आठवड्यात सापडलं: शेळ्या! कोवळं रोप दिसलं की फस्त. मी त्यांच्यावर वीस पानांचं खणखणीत प्रकरण लिहिलं. मार्गदर्शक सर खूश झाले. आता हिवराची रोपं करून दाखवली की झालं.

तिथंच गाडी अडली. निवडून, पुसून, भिजवून पेरलेलं बी दोन महिने ढिम्म. "पावसाळा संपेपर्यंत रोपं दाखवा, नाहीतर विषय बदला," सर म्हणाले. दोन वर्षांची पायपीट पाण्यात जाणार, म्हणून मला रडूच कोसळलं.

रडले तेही भर माळावर, एका शेळ्या राखणाऱ्या म्हाताऱ्या बाबांना न उगवणाऱ्या बियांचं सांगता सांगता. ते आकडीनं हिवराच्या शेंगा पाडून शेळ्यांना घालत होते.

"आवं बाई, आसं नुसतं बी कवा उगवतंय व्हय?" ते म्हणाले. "आदी शेळीच्या पोटातनं जाऊ द्या. मग बगा."

मला भयंकर राग आला. ज्यांना गुन्हेगार ठरवलं, त्यांच्याच पाया पडायचं! पण करते काय? शेळ्या बसायच्या तिथल्या लेंड्या पिशवीभर गोळा केल्या नि एसटीत चढले. कंडक्टरनं नाक मुरडलं.

"काय हाय ह्यात?"

"संशोधन."

"मग टपावर ठिवा."

आषाढात लेंड्यांचा वाफा हिवराच्या रोपांनी हिरवागार झाला. सर आले, वाफ्यातली एक लेंडी उचलून बोटांनी कुस्करली, नाकाशी नेली. "उत्तम खत! कुठून आणलंत?"

खोटं बोलायची फार इच्छा झाली. पण त्या वीस पानांची लाज वाटायला लागली होती. सगळं सांगून टाकलं. सर मोरीवर गेले आणि तीनदा साबण लावून हात धुऊन आले. मला वाटलं, संपलं सगळं.

"शेळ्यांचं प्रकरण पुन्हा लिहा," ते म्हणाले. "खातातही त्याच, पेरतातही त्याच. आणि ऋणनिर्देशात त्या बाबांना माझ्या आधी घाला."

प्रबंध बांधून आला तशी मी आटपाडीला धावले. बाबांना त्यांचं नाव दाखवलं, वाचून दाखवलं. त्यांचे डोळे भरून आले, माझेही. मग त्यांनी कळपातल्या एका काळ्या शेळीला कानाला धरून पुढं ओढलं.

"आनि हिचं कुटं घातलंय?" ते म्हणाले. "म्या नुसतं सांगितलं. काम समदं हिनंच केलंय न्हवं?"