कूलरचा एसी करताना

"दार लावा! आधी दार लावा! थंडी बाहीर जाऊन राहिली ना!"

अमरावतीला साडूच्या घरी आमचं स्वागत हे असं झालं. माझा एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, हातात टरबूज, मागे बायको, आणि तो आतून बोंबलतोय. 'या' नाही, 'बसा' नाही. जणू त्याची साठवलेली सगळी थंडी माझ्या एका चपलेआडून पळून जाणार होती.

साडू म्हणजे माझ्या मेव्हणीचा नवरा. वयानं धाकटा. मला 'भाऊ' म्हणतो, मान देतो आणि त्याच तोंडानं जिवाला घोर लावतो. त्या उन्हाळ्यात त्यानं एसी घेतला होता, पाच ताऱ्यांचा, इन्व्हर्टरवाला. आणि त्या एसीखाली, सोफ्यावर मांडी घालून, अंगावर चादर ओढून आमच्या सासूबाई बसल्या होत्या. एप्रिलात! चादर! मी अकोल्याचा माणूस. आमच्याकडे एप्रिलात चादर ओली करून खिडकीला टांगतात.

आता खरं दुखणं सांगून टाकतो. सासूबाईंना आम्ही मामी म्हणतो. त्यांचं घर शेंदूरजनाघाटला, संत्र्यांच्या बागेत. पण अक्षय तृतीया झाली की त्या लेकीकडे निघतात आणि मिरगाचा पाऊस लागेपर्यंत परत जात नाहीत. लेकीकडे म्हणजे माझ्याकडे. कारण माझा कूलर. पत्र्याचा, कपाटाएवढा, खिडकीला बाहेरून लावलेला. त्याच्या वाऱ्याची गोष्ट काय सांगू! समोर बसून पेपर वाचायचा तर धरायला दोन माणसं लागत. एकदा एका पाहुण्याच्या ताटातली भाकर उडाली ती शेजारणीच्या ओट्यावर सापडली, तीही गार झालेली. नात्यागोत्यात कुणी विचारलं, "मामी कोणाकडे हायेत यंदा?" की उत्तर ठरलेलं, "मोठ्या जवायाकडे." या दोन शब्दांवर मी वर्षभर छाती काढून फिरायचो.

आणि आता, अक्षय तृतीयेच्याही आधी, मामी चादर घेऊन तिथे बसल्या होत्या.

मी साडूला गोड आवाजात विचारलं, "सोळावर ठेवत अशीन ना बापा?" सोळावर ठेवला की वीज पाण्यासारखी जाते, हे मला ठाऊक होतं.

"नाही भाऊ. सव्वीसवर. वरून पंखा एकवर. तेवढ्यात होते काम."

मी हार मानणारा नाही. "पाहू बरं तुई जाळी. लोकं धूत नाहीत, मंग मशीन दम टाकते," असं म्हणून मी स्टुलावर चढलो आणि जाळी काढली. इतकी लख्ख, की तिच्यातून रवा चाळून घ्यावा.

"दर दुसऱ्या रविवारी धुतो," साडू खालून म्हणाला.

गॅलरीत जाऊन एसीचा बाहेरचा डबा पाहिला. त्याच्यावर सावली केलेली, तीही चारी बाजूंनी हवा खेळेल अशी. माणसाकडे चांगली वस्तू असावी, हे मी एकवेळ सहन करतो. पण ती वापरायची अक्कलही त्याच्याचकडे असावी? असा अन्याय देवानं करू नये.

निघताना मामी म्हणाल्या, "येईन मी अक्षय तृतीया झाली की." पण त्या 'येईन'मध्ये मला दरवर्षीचा जोर दिसला नाही.

अकोल्याला पोचलो तो पेटूनच. दुसऱ्या दिवशी कूलर उघडला. टाकीच्या तळाशी क्षारांचा पांढरा थर असा साचलेला की वाटलं, खणत गेलो तर समुद्र लागेल. खरवडून काढला. पंपाची जाळी धुतली, पंख्याला तेल दिलं. कूलरच्या बाजूंना लावलेल्या गवताच्या जुन्या ताट्या काढून नव्या वाळ्याच्या ताट्या बसवल्या. त्या आमच्या गल्लीतल्या चाचांकडून घेतल्या. चाचा तीस-चाळीस वर्षं ताट्या बांधतात, अर्ध्या अकोल्याचा उन्हाळा त्यांच्या हातून गेलेला आहे.

इथवर मी शहाणा होतो. मग मत्सरानं डोकं फिरवलं. मनात आलं, एसीची खरी करामत दार-खिडक्या बंद ठेवण्यात आहे. आपण सगळं उघडं ठेवतो, मग थंडी राहणार कशी? म्हणून कूलर बाहेरून काढून खोलीत आणला. खिडक्या लावल्या. फटींत जुन्या ओढण्या कोंबल्या. दाराखाली बायकोचं लुगडं.

बायको कमरेवर हात ठेवून उभी. "अजी, कूलर घरात कोणी ठेवते काय? त्याले बाहीरची हवा लागते ना!"

"तुले काय समजते? दार लाव!"

अक्षय तृतीयेनंतर मामी आल्या. सोबत कुरडयांचा मोठा डबा. मी त्यांना कूलरसमोर बसवलं, दार लावलं आणि बटन दाबलं. पहिली दहा मिनिटं स्वर्ग. मामी म्हणाल्या, "बरी हाये हवा." मी बायकोकडे असं पाहिलं की बस.

पुढची गोष्ट मात्र पाण्याची आहे. तीच हवा फिरून फिरून कूलरमध्ये जायची आणि दर फेरीला आणखी ओली होऊन यायची. अर्ध्या तासात भिंतींना घाम. गादी अशी दमट की पिळावी. पापणी मिटली की चप् असा आवाज. डबा उघडा राहिला होता, त्यातल्या कुरडया न तळताच फुगल्या आणि मान टाकून पडल्या. मामी पदरानं वारा घेऊ लागल्या, कूलरसमोर बसून! शेवटी म्हणाल्या, "जवाईबुवा, दार उघडा. जीव घाबरा होऊन राहिला."

दार ओढलं. हलेना. लाकूड ओलीनं फुगून चौकटीत रुतलं होतं. मी ओढतोय, बायको मला ओढतेय, मामी 'पांडुरंगा' म्हणताहेत. बायकोनं खिडकीतली ओढणी उपसून हाक मारली तेव्हा चाचा धावत आले. त्यांनी बाहेरून खांदा मारला, दार उघडलं, आणि आतली वाफ त्यांच्या तोंडावर अशी गेली की चष्मा आंधळा झाला.

तो पुसत त्यांनी कूलर पाहिला, ओढण्या पाहिल्या, लुगडं पाहिलं. "या खुदा! भाऊ, एसीले दार बंद लागते, कूलरले उघडं. येवढे दिवस तुमीच तं लोकाइले सांगत होते. आज काहून भुलले?"

काहून भुललो, ते मी चाचांना सांगितलं नाही. बायकोनं सांगितलं. "यांच्या साडभाऊनं एसी घेतला ना!" चाचा इतके हसले की ओट्यावर बसावं लागलं.

संध्याकाळपर्यंत कूलर पुन्हा खिडकीबाहेर लागला, समोरची खिडकी उघडली, आणि वारा असा सुटला की भिंतीवरचं कॅलेंडर मे सोडून जूनवर गेलं. वाळ्याचा वास घरभर. मामी म्हणाल्या, "आता बरं हाये." पण तिसऱ्या दिवशी साडू गाडी घेऊन आला आणि मामींनी पिशवी भरली. मी रोखलं नाही. मनात म्हटलं, जाऊ दे. चार दिवसांत सांधे धरतील, कोंडल्यासारखं होईल, आणि मामी स्वतःच फोन करतील.

चार दिवस गेले. आठ गेले. फोन नाही. नवव्या दिवशी मीच केला.

"मामी, तिथं दिवसभर बंद खोली. गुदमरल्यासारखं होत असन ना? आपल्या कूलरची मोकळी हवा आठवते काय?"

तिकडे आधी दार लावल्याचा आवाज आला. मग मामी म्हणाल्या, "नाही, जवाईबुवा. इथं झोप लागते."