त्याचा ट्रेलर आणि माझं कौतुक

हे मी बायकोलासुद्धा कधी सांगितलेलं नाही. २००७ साली नेदरलँड्समध्ये युट्रेख्टहून फेल्डहोवनला परतताना माझी गाडी हायवेवर बंद पडली आणि एक अनोळखी डच माणूस थांबला. लालबुंद कान, नखांत ग्रीस. व्हॅनमागे रिकामा ट्रेलर होता. प्रदर्शनात ठेवलेला आपला जुना ट्रॅक्टर तो आणायला निघाला होता, पण आधी त्याने माझी गाडी चढवली. प्रत्येक पट्टा आवळून झाला की घोड्याला थोपटावं तसा तो गाडीला थोपटायचा.

पुढे तपासणीला अडवलं. अधिकारी म्हणाला, "ही मालवाहतूक आहे. ट्रकमध्ये असतं तसं ड्रायव्हरचे तास नोंदवणारं यंत्र कुठाय?"

"अहो, हौस आहे माझी, धंदा नाही!" तो ओरडला.

अधिकारी माझ्याकडे वळला. साहेबापुढे मदत करणाऱ्याचं तोंडभर कौतुक करायचं, ही आपली सवय. मी म्हणालो, "फार भला माणूस आहे. सगळ्यांच्याच गाड्या नेतो!"

झालं! तो वाहतूकदार ठरला. दंड झाला, ट्रेलर तिथेच अडकवला. मालकांनी पगारी ड्रायव्हरांना राबवू नये म्हणून केलेला नियम या हौशी माणसाच्या मानेवर! अजून संताप होतो, आणि त्यातला निम्मा माझ्यावरच. चूक कळूनही व्हिसाच्या भीतीने मी गप्प राहिलो.

तो मला म्हणाला, "आता माझा ट्रॅक्टर तूच ओढून आण."

"हा कुणाकडून पैसे घेत नाही," अधिकाऱ्यापुढे न बोललेलं एवढं एक वाक्य मी त्या माणसाला अजून देणं लागतो.