आधी मामांचा कार्डिओग्राम

सोलापुरात ज्याच्या म्हणून छातीत एकदा तरी कळ आली आहे, त्याला माझ्या बायकोचे मामा दवाखान्याच्या बाकावर भेटले नाहीत, असं होणंच शक्य नाही. मामा डॉक्टर नाहीत. सात रस्त्याजवळ त्यांचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे आणि शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. पण हृदयाला कप्पे किती, झडपा किती आणि त्यातली कुठली केव्हा रुसते, हे ते गिऱ्हाइकाला पेनं दाखवावीत इतक्या सहज सांगतात. गल्लीत कोणी जिना चढून जरा दम खाल्ला, की मामा शटर खाली ओढून त्याच्या दारात हजर! "चला, कार्डिओग्राम काढून येऊ. धा मिनिटाचं काम हाय की!" हे ते इतक्या हौसेनं म्हणतात, की हुरडा खायलाच नेताहेत असं वाटावं.

त्यांची एक पिशवी कायम भरलेली असते. तीत पुढून उघडणारा सैल सदरा, टूडी इकोच्या वेळी छातीला फासतात ती जेली पुसायला टॉवेल, आणि उपाशीपोटी तपासणी झालेल्याला लगेच खायला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. वैरागच्या एका पाहुण्यांच्या टूडी इकोला तर मामांनी कमाल केली. पडद्यावर झडप हलताना दिसली मात्र, मामा दार उघडून बाहेर बसलेल्या सगळ्या गोतावळ्याला ओरडले, "या या, बघा की! आन्नांची झडप कशी टाळी वाजवतीय!" आठ माणसं आत घुसली. आन्ना उघडेबंब पडलेले, आणि त्यांची सूनबाई दारातच पदर तोंडाला लावून उभी! डॉक्टरांनी सगळ्यांना बाहेर काढलं, मामांना सर्वांत आधी.

पण त्यांची खरी रीत वेगळीच. कार्डिओग्रामच्या तारा बघून शॉक बसेल या भीतीनं माणसं आखडतात. म्हणून मामा पेशंटच्या आधी स्वतः पलंगावर आडवे होतात. "लावा मला. बघा, बसला का शॉक? मी हसतोय की!" मशीनवरची मुलगी सुरुवातीला हुज्जत घालायची. पुढं तिलाही कळलं, की मामांना बघितल्यावर पेशंट गुमान पडून राहतो आणि काम लवकर उरकतं. अशानं मामांकडं स्वतःचे छत्तीस कार्डिओग्राम जमले. सगळे नॉर्मल. दुकानात ते फाईल उघडून दाखवायचे, "हे डोंगर बघा, एकसारखे! घोड्याचं काळीज हाय." त्या घोड्याच्या भरवशावर चटणीवर तुपाची धार धरायची, आणि चढावर थांबावं लागलं तर चपलेत खडा गेला म्हणायचं. हल्ली खडे फारच जायला लागले होते.

मागच्या हिवाळ्यात माझीच छाती जड झाली. बायकोनं मामांना फोन केला, आणि मी शर्टाची बटणं लावेपर्यंत मामा पिशवीसकट दारात. कार्डिओग्राम ठीक आला, तरी डॉक्टरांनी स्ट्रेस टेस्ट सांगितली. म्हणजे छातीला तारा लावून सरकत्या पट्ट्यावर चालायचं. पट्टा हळूहळू चढ घेतो, वेग वाढतो. माझं तोंड उतरलेलं बघून मामांनी सदरा काढलासुद्धा. "जावईबापू, आधी मी चालतो. तुमी नुसतं बघा. लई मजा हाय!"

पहिली तीन मिनिटं मामा चालत होते आणि व्याख्यानही देत होते. पाऊल कसं टाकायचं, दांडी कशी धरायची, खाली का बघायचं नाही. पट्ट्यानं चढ घेतला आणि व्याख्यान बंद पडलं. मामा बोलायचे थांबले, यावरूनच मला कळायला हवं होतं! मशीनवरच्या मुलीनं डॉक्टरांना हाक मारली. त्यांनी आलेख बघितला, पट्टा थांबवला आणि मामांना हाताला धरून पलंगावर बसवलं.

"माझे समदे नॉर्मल हायत की! छत्तीस हायत, आनून दावू का?" मामा धापा टाकत म्हणाले.

"ते पडून काढलेले, मामा," डॉक्टर म्हणाले. "छत्तीस वेळा तुम्ही हृदयाला आराम करताना विचारलंत. आज पहिल्यांदा कामाला लावून विचारलं. उद्या सकाळी अँजिओग्राफी करायची."

त्यानंतर माझीही टेस्ट झाली. माझं पित्त निघालं. ते ऐकायला कोणाला सवड नव्हती, माझ्या बायकोलाही नाही.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात मामांचा उत्साह पुन्हा उतू जात होता. मनगटातून तार कशी जाते, औषध सोडल्यावर पडद्यावर शिरा कशा दिसतात, हे त्यांनी शेजारच्या खाटेवरच्या नातेपुत्याच्या म्हाताऱ्याला दोनदा सांगितलं. मग मामांना हिरवा झगा घातला आणि वॉर्डबॉय त्यांना न्यायला आले. मी स्ट्रेचरबरोबर चालत गेलो आणि काचेच्या दाराशी सिस्टरनी मला थांबवलं. नातेवाइकांनी इथंच थांबायचं.

मामांनी माझा हात धरला.

"तुमी आत येत न्हाई व्हय?"

"सोडत नाहीत, मामा."

त्यांनी नजर छताकडं वळवली. मग म्हणाले, "तुमच्या मामीनं छातीत जळजळतंय म्हनलं, तवा मी सोडा पाजला. दुकान उघडून येतो म्हनलं. आलो तवर सपलं हुतं. तिच्याजवळ कुनीसुदिक नव्हतं, बघा."

मामी आमच्या लग्नाच्या आधीच गेल्या होत्या. झटक्यानं गेल्या, एवढंच मला ठाऊक. या माणसाला मी वर्षानुवर्षं हसत आलो होतो. "मी इथंच आहे, मामा," मी म्हणालो. "हलणार नाही."

दोन ब्लॉक निघाले. लगेच अँजिओप्लास्टी करून स्टेंट बसवले. तासाभरानं डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, वेळेवर सापडलं, आता काळजी नाही. मागोमाग स्ट्रेचर आलं. मला वाटलं, आता पडद्यावर काय काय दिसलं त्याची कथा सुरू होणार. मामांनी मान वळवून मला शोधलं.

"हितंच हुता न्हवं?"

"इथंच होतो."

त्यांनी डोळे मिटून घेतले आणि तिसऱ्या मजल्यावर वॉर्डात जाईपर्यंत एक अक्षरही बोलले नाहीत. मी खरोखरच चहालासुद्धा गेलो नव्हतो.