जाऊबाईंची मापं

आमच्या थोरल्या जाऊबाई बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन मांडून बायकामुलींचे कपडे शिवतात. तोंड फटकळ, पण हाताला अशी सफाई की एकदा आलेलं गिऱ्हाईक दुसरीकडे जात नाही. स्तनाचा कॅन्सर हाडात उतरलाय असं कळलं, तेव्हा सगळं घर रडत होतं आणि या बटणं लावत बसल्या होत्या. मला तर त्यांचा रागच आला होता.

तेव्हापासून गोळ्या चालू आहेत. त्या लागू पडताहेत का ते बघायला अधूनमधून रक्त द्यावं लागतं. रक्तात आजाराची खूण सापडते, तिचा आकडा येतो. "जगाची मापं मी काढते, माझी ही लॅब काढते," असं म्हणत जाऊबाई दंड पुढे करतात. आकडा बरेच दिवस जागचा हलला नव्हता.

या खेपेला नेहमीची लॅब बंद होती म्हणून दुसरीकडे रक्त दिलं, आणि आकडा एकदम चढला. जाऊबाई नवीन कापड घेईनाशा झाल्या. मी माझ्या धाकटीच्या गणवेशाचं कापड घेऊन गेले, तर म्हणाल्या, "यंदा बाहेर शिवायला टाक गं. माझं काही खरं नाही."

जन्मल्यापासून माझ्या पोरीनं दुसऱ्या कुणाच्या हातचं शिवलेलं घातलेलं नाही.

रिपोर्ट दाखवायला गेलो, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दोन्ही लॅबचे कागद शेजारी शेजारी ठेवले. "लॅब बदललीत होय? त्यांची तपासायची पद्धत वेगळी असते. हे दोन आकडे एकमेकांशी जुळवायचे नाहीत."

"म्हणजे माझ्या टेपनं माप घ्यायचं आणि शेजारणीच्या टेपनं कापायचं," जाऊबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई हसल्या. "तसंच. आणि एका आकड्यावरून मी गोळ्या बदलत नाही. जुन्या ठिकाणी पुन्हा रक्त द्या, स्कॅनही करून घेऊ."

ते दिवस फार वाईट गेले. जुन्या लॅबचा आकडाही थोडा वर सरकलेलाच निघाला. स्कॅनमध्ये मात्र नवीन काही नव्हतं. गोळ्या त्याच ठेवू, पुढच्या खेपेला आकडा कुठे जातो ते बघू, असं ठरलं.

"धड हो नाही, धड नाही नाही," जाऊबाई वाटभर करवादत होत्या. "यापेक्षा गिऱ्हाईक परवडलं. घट्ट झालं तर तोंडावर सांगतं."

घरी आल्यावर चहा संपवून म्हणाल्या, "आण ते कापड. का दिलंस कुणाला?"

कुठलं देतेय मी! धाकटीची मापं घेऊन त्या कापायला बसल्या. आतल्या शिवणीला एवढी माया सोडली की मला राहवेना.

"ताई, एवढी कशाला? फुगेल ना."

"फुगू दे. पोर वाढणार की नाही? पुढच्या वर्षी मी उसवून सैल करून देईन." मग कात्री खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. "मी नसले तर तू उसव. तुला जमेल अशीच टीप घालते."