कोरं राहिलेलं फुलपाखरू

कारंज्याच्या कापसाच्या जिनातला गोरा साहेब विलायतेला परत गेला, तेव्हा त्याच्या घरातलं सामान विकायला निघालं. बाबा भाजीची बैलबंडी घेऊन गेले होते. येताना चौकटीतलं एक जुनं चित्र घेऊन आले. "मीठ आणाले धाडलं तं पाखरं घेऊन आले!" म्हणत आईनं त्यांना दिवसभर छेडलं.

चित्रात ओळीनं फुलपाखरं होती. रेघा छापलेल्या, रंग मात्र हातानं भरलेले. कुठं कुठं रंग रेघेबाहेर गेलेला. शेवटचं एक तसंच कोरं राहून गेलेलं.

माझी आत्या तेव्हा विशीतली. नवरा तापानं गेला आणि ती आमच्या मळ्यात परत आली. आमच्यात विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागतो. शेलूबाजारच्या, बायको वारलेल्या एका माणसाचं मागणंही आलं होतं. पण ही हो म्हणेना, नाही म्हणेना; नुसती खाली मान घालून वांगी तोडायची. मला भारी राग यायचा. अगं बाई, काहीतरी बोल की!

बोलली ती त्या चित्रापुढं. "याले काहून असंच ठेवलं असन?"

"रंगवणाऱ्याले भूक लागली असन," मी म्हटलं.

ती खुदकन हसली. किती महिन्यांनी! मला इतका आनंद झाला, काय सांगू.

मग तिनं काच काढली. आमच्या लिंबावर येणारं, काळ्या पंखांवर लाल ठिपक्यांचं पाखरू तिनं त्या कोऱ्या रेघांत बरोबर ओळखलं होतं. काळ्याला काजळ झालं. लाल कुठून आणायचं? घरात लाल म्हणजे आईच्या करंड्यातलं कुंकू, आणि विधवेनं त्याला बोट लावायचं नाही. मीच करंडा आणून ठिपके द्यायला बसले. पाखराला गोवर निघाल्यासारखं दिसायला लागलं.

"हट! सारं बिघडवून राह्यली. सरक तिकडं." आणि तिनं बोट कुंकवात घातलं.

नेमकी तेव्हाच आई आत आली. आई त्या लाल बोटाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "थांब, पाणी आणतो. कोरडं कुंकू कागदाले धरत नाई."

संध्याकाळी आईनं बाबांना त्या मागण्याबद्दल आत्याशी बोलायला लावलं. पाट आमच्याकडं रात्री लागायचा, अंधारात, गुपचूप; सवाशिणींनी तिकडं फिरकायचंसुद्धा नाही.

आत्या म्हणाली, "माणूस मले पसंत हाय, दादा. पण रातच्याले लावसान तं मी नाई. दिवसा लावा. मी काय चोरी करून राह्यली?"

"लोक तोंडात शेण घालतीन!" बाबा उखडले.

"घालू द्या. पण मी अंधारात जात नाई."

बाबांनी रागारागातच शेलूबाजारला तिच्या अटीचा निरोप धाडला. झालं, आता कुठला पाट, असंच मला वाटलं. मी रडले. चौथ्या दिवशी तिकडून निरोप आला, "दिवसा चालते."

पाट भर दुपारी आमच्या अंगणात लागला. जातीतल्या बायका कुडाआडून पाहत होत्या. माझी आई मात्र सगळ्यांच्या पुढं उभी होती.