विहीणबाई आणि माझी सकाळची पाठ

‘बरं आहे’ या दोन शब्दांवर अख्खं जग विश्वास ठेवेल, पण आमच्या विहीणबाई ठेवणार नाहीत. आणि मी तर निम्मा जन्म याच दोन शब्दांवर काढला. माझा मूर्खपणा आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्ही हसायला मोकळे. तिशी ओलांडली तेव्हापासून माझी पाठ दुखायची. सकाळी उठताना कंबरेपासून मानेपर्यंत कुणी सिमेंट ओतून ठेवल्यासारखं वाटायचं. खिडकीचे गज धरल्याशिवाय पलंगावरून उतरता यायचं नाही. मग हालचाल होईल तशी पाठ सैल पडायची आणि संध्याकाळी मी ठाण्यातल्या खोपटच्या बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन ताठ मानेनं घरी यायचे. आता अशा बाईनं डॉक्टरकडे कधी जावं? मी जायचे संध्याकाळी. सकाळी कशी जाणार, पाठ दुखायची ना! शिवाय चार लोकांत जायचं म्हणून इस्त्रीची साडी, चेहऱ्याला पावडर आणि खुर्चीत शाळेतल्या बाईंसारखी ताठ बैठक, कारण मी शाळेतली बाईच होते. डॉक्टरांनी “काय होतंय?” विचारलं की तोंडातून आपोआप निघायचं, “तसं बरं आहे, जरा पाठ.” ठाण्यातल्या निम्म्या डॉक्टरांनी माझी पाठ पाहिली, पण सगळ्यांनी ती संध्याकाळची पाहिली. एकानं कॅल्शियम दिलं, दुसऱ्यानं कंबरेचा पट्टा, तिसऱ्यानं भरपूर विश्रांती, आणि विश्रांती घेतली की मी आणखीच लाकूड व्हायचे. शेवटी एकानं फार सौजन्यानं विचारलं, “घरात काही ताण वगैरे?” त्या दिवसापासून आमचे हे माझ्याशी हळू आवाजात बोलू लागले. आणि खरं सांगते, मलाही पटायला लागलं की दुखणंबिखणं काही नाही, मीच नाटकी आहे. शाळेत मी दुपारचं सत्र मागून घेतलं होतं. कुणी कारण विचारलंच तर सांगायचे, दुपारची मुलं शांत असतात. दुपारची मुलं आणि शांत! हे ज्यांनी ऐकून घेतलं त्या सगळ्या सहकाऱ्यांची मी आभारी आहे.

तर विहीणबाई. राहायला ठाकुर्लीला, मूळच्या कोकणातल्या, अंगानं किरकोळ आणि आवाजानं भरभक्कम. माणसाला ‘कशी आहेस?’ विचारायचं, उत्तर ऐकायचं आणि पुढे जायचं, ही साधी रीत त्यांना कुणी शिकवलीच नाही. त्या उत्तराची उलटतपासणी घेतात. भाजीवालीनं “बरी आहे मावशी” म्हटलं की हातातली पिशवी खाली ठेवून म्हणणार, “काय बरी? पाय दाखव. कालपासनं लंगडतेयस.” एकदा कुठल्याशा बँकेतून कर्ज हवंय का विचारायला एका मुलीचा फोन आला. विहीणबाईंनी कर्ज घेतलं नाही, पण फोन ठेवेपर्यंत त्या मुलीचं पित्त, जेवणाच्या अवेळा आणि रात्रपाळी सगळं काढून घेतलं आणि तिला कोकमाचं सरबत सांगितलं. पुढच्या आठवड्यात त्या मुलीनं आपण होऊन फोन केला, पित्त उतरलं म्हणून. दवाखान्यात नेलं तर यांचा दरबारच भरतो. कुणाचा गुडघा, कुणाची साखर, कुणाच्या सुनेचं बाळंतपण, सगळ्याची चौकशी झाल्यावर त्यातल्या सगळ्यात जास्त कण्हणाऱ्याला आमचा नंबर देऊन टाकणार. “तुम्ही जा हो आधी. आमची पाठ कुठे पळून जात नाय.” त्यामुळे त्यांच्याबरोबर गेलं की आपण नेहमी शेवटी, कंपाउंडर केर काढायला लागला की.

पण हे सगळं मला नंतर कळलं. सुरुवातीला आमचं नातं विहिणी-विहिणींचं, म्हणजे दोघींनी एकमेकींसमोर कपाटातल्या चिनीमातीच्या बशांसारखं वागायचं. लेकीचं बाळंतपण खरं तर माहेरी, माझ्याकडे व्हायचं. पण आमच्या इमारतीची लिफ्ट नेमकी बंद पडली आणि मलाच बाडबिस्तरा घेऊन ठाकुर्लीला व्याह्यांच्या घरी राहायला जावं लागलं. मुलीच्या आईनं मुलीच्या सासरी मुक्काम ठोकायचा आणि वर कण्हायचं? छे! मी ठरवलं, जीव गेला तरी चेहरा हसरा. सकाळी सकाळी विहीणबाई कापडात गुंडाळलेलं बाळ माझ्यापुढे धरायच्या, “घ्या, आजीकडे यायचंय.” माझे हात शिवशिवायचे, पण त्या वेळी मला स्वतःचंच वजन उचलेना, बाळाचं कुठून उचलणार? हातातून सुटलं तर? मी म्हणायचे, “नको, माझे हात गार आहेत.” दुसऱ्या दिवशी, “अजून अंघोळ व्हायचीय.” तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलंच नाही. स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज मात्र आला, जावयाशी बोलताना: “तुझ्या सासूला नातू आवडलेला दिसत नाय रे. ठाण्याची माणसं, आपल्याकडचं त्यांना चालत नसेल.” पाठीपेक्षा ते जास्त दुखलं. पण सांगणार काय? ज्या दुखण्याला डॉक्टरांना नाव सापडलं नाही, ते विहिणीला कुठल्या तोंडानं सांगू?

मग एका सकाळी त्या दुपटी न्यायला माझ्या खोलीत आल्या आणि मी नेमकी उठत होते. आधी कुशीवर, मग कोपरावर, मग गजाला लोंबकळून, मग भिंत धरत धरत, दुमडलेली खाट उघडावी तशी एकेक सांधा सोडवत. मी वर पाहिलं तर त्या दारात. मी ताबडतोब म्हटलं, “बरं आहे!” त्यांनी काही विचारलंसुद्धा नव्हतं.

त्या दिवशी त्या नुसत्या बघत राहिल्या. सकाळची वाकलेली मी, मग दुपारी पाटावर बसून डिंकाचे लाडू वळून झाल्यावर टुणकन उठलेली मी. संध्याकाळी चहाचा कप माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, “विहीणबाई, आमची सगळ्यांची पाठ काम करून दुखते. तुमची काम न करून दुखते. ही कसली उलटी तऱ्हा?” इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी स्वतःही नाही.

यानंतर सुरू झाली मोहीम. आधी घरगुती उपाय, आणि त्यांचा नियम असा की कुठलाही उपाय आधी स्वतःवर करून बघायचा. मला फळीवर झोपायला सांगितलं, म्हणून स्वतःही फळीवर झोपल्या आणि दोन दिवस मान वाकडी करून फिरल्या. टिटवाळ्याला एक तेल लावून हाडं बसवणारे गृहस्थ आहेत असं कळलं, तिथे गेलो. “आधी माझी बघा,” असं म्हणून त्या पालथ्या झोपल्या आणि त्या माणसानं अंगठा दाबताच अशी किंकाळी फोडली की बाहेर बसलेले दोन रोगी चपला न घालता गेले. आम्हीही गेलो. घरी येईपर्यंत दोघी रिक्षात डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होतो. बशा कपाटातून उतरल्या त्या तेव्हा.

मग दवाखान्यांतल्या त्यांच्या ओळखींमधून बातमी आली: कल्याणला सांध्यांच्या आजारांचे एक डॉक्टर आहेत, सकाळी लवकर बसतात. जायच्या दिवशी विहीणबाईंनी मला झोपेतूनच उठवलं. “चहा नाय, पाठ मोकळी करायला फेऱ्या नाय, पावडर तर बिलकूल नाय. जशा आहात तशा चला.” मी रात्रीच्या चुरगळलेल्या साडीत, विस्कटलेल्या अंबाड्यात, कोयत्यासारखी वाकून डॉक्टरांसमोर उभी राहिले. आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. डॉक्टरांनी विचारलं, “काय होतंय?” आणि या अवस्थेत, टेबलाची कड धरून, मी म्हटलं, “तसं बरं आहे.”

“डॉक्टर,” विहीणबाई कडाडल्या, “या आमच्या विहीणबाई. शिकलेल्या आहेत, मुलांना शिकवतात, पण खोटं बोलतात. यांना काही विचारू नका, मला विचारा.” आणि त्यांनी सकाळपासून रात्रीपर्यंतची माझी पाठ सांगितली. डॉक्टर लिहायचं थांबवून ऐकत राहिले. मग मलाच विचारलं, “कधी डोळा लाल होऊन दुखला होता?” म्हटलं, “दोनदा. पण तो डोळा होता हो, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवला.” डॉक्टर हसले. रक्त तपासलं, मणक्यांचे फोटो काढले. पुढच्या खेपेला त्यांनी सांगितलं, हा मणक्याचा संधिवात आहे. विश्रांतीनं आखडतो, हालचालीनं सैल होतो. डोळ्याचंही त्यातलंच. मुळापासून जाणार नाही, पण औषधं आणि रोजचा व्यायाम यांनी ताब्यात राहील. मी विचारलं, “म्हणजे खरंच काहीतरी आहे?” ते म्हणाले, “खरंच आहे. बरीच वर्षं आहे.” असं ऐकून लोकांचे चेहरे उतरतात. मला पेढे वाटावेसे वाटले.

आता जे आखडलं ते आखडलंच. माझी मान पुरती वळत नाही. मागून कुणी हाक मारली की मी डेपोतल्या एसटीसारखी अख्खीच्या अख्खी वळते. पण सकाळ माझी झाली. ज्या नातवाला घ्यायला मी घाबरत होते, त्याला पुढे कडेवर घेऊन मी ठाकुर्लीच्या पुलावर गाड्या दाखवत उभी राहायचे. आता तो माझ्यापेक्षा उंच झालाय आणि विहीणबाई आणखी किरकोळ. दुखण्याला नाव मिळालं त्या दिवशी मात्र कल्याणच्या त्या दवाखान्याबाहेर रिक्षाची वाट बघताना मला एकाएकी रडू कोसळलं. भर रस्त्यात, रिक्षावाल्यांसमोर. हुंदके देत देतच मी रीतीप्रमाणे म्हणायला लागले, “तुमचे उपकार मी कसे...” त्यांनी मला पुरतं बोलूच दिलं नाही. पदरानं लहान पोराचं पुसावं तसं माझं तोंड पुसलं, उजव्या बाजूला येऊन मला खेटून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या:

“रडा, रडा. इतकी वर्षं गुपचूप कण्हलात ना? आता जरा मोठ्यानं कण्हत जा. मला या डाव्या कानानं हल्ली काय ऐकू येत नाय.”